सरांच्या वाटणीची बाटली

आमच्या इमारतीत मे महिना आधी नाकाला कळतो, कॅलेंडरला नंतर. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात धणे भाजायला पडतात, जिना खमंग होतो, आणि मग एखाद्या दुपारी कुणीतरी शहाणी खिडक्या न उघडताच मिरची परतायला घेते. पार वरच्या मजल्यापर्यंत शिंका. लिफ्टमधून माणसं डोळे पुसत बाहेर पडतात आणि वॉचमन हसत म्हणतो, "मसाला चालू हो गया." लालबागची चाळ सोडून भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कात आलो तेव्हा मला वाटलं होतं, ही सामुदायिक शिंकाशिंकी आता सुटली. कसली सुटते! उलट इथे मराठी, गुजराती, मारवाडी, मल्याळी, सगळ्या शिंका एकत्र ऐकायला मिळाल्या.

यंदा गच्चीवर मिरच्या मी एकटीनेच पसरल्या. मुक्ता, माझी मुलगी, खाली घरात बॅग भरत होती. ती डब्लिनला निघाली होती. नोकरीसाठी, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो, आणि ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मागच्या मोठ्या निवडणुकीच्या मे महिन्यातही ती अशीच बॅग भरणार होती. तेव्हा तिने ती माळ्यावरून खाली काढलीच नाही. का काढली नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून काढली नाही, हे आठवलं की माझा हात मिरच्यांत जरा जोरातच फिरतो.

हे दिवस म्हणजे उत्तनची आगोट. पावसाळ्याच्या तोंडावरचे हे दिवस, पुढच्या महिन्यांची बेगमी करून ठेवायचे. समुद्र बंद होणार, होड्या वर ओढल्या जाणार, मग घरात जे साठवलं असेल ते खायचं. सुके बोंबील, जवळा, कांदे, मीठ आणि वर्षाचा मसाला. फिलोमिना, म्हणजे माझी फिलू, तिथली. टपाल खात्यात आम्ही दोघींनी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून अख्खी नोकरी काढली, भांडलो पुष्कळ, बदली मात्र कुणीच मागितली नाही. तिच्या अंगणात दरवर्षी आमच्या दोन घरांचा मसाला एकत्र होतो. मिरच्या मी माझ्या गच्चीवर वाळवून नेते, बाकीचे जिन्नस तिच्याकडे. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कांडायचा, चाळायचा आणि तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा. बाटल्या बिअरच्या. त्या गडद काचेतून उजेड आत जात नाही म्हणून मसाल्याचा रंग वर्षभर टिकतो. आमच्या घरात कुणी बिअरला शिवत नाही, पण ओट्याखालची बाटल्यांची रांग पाहून नवीन पाहुणे माझ्याकडे जरा वेगळ्या आदराने बघतात.

बाटली कुणाची ते कळावं म्हणून फिलू मानेला दोरा बांधते. माझ्या बाटल्यांना लाल, तिच्या घरच्यांना निळा. आणि एक बाटली पांढऱ्या दोऱ्याची. ती मोकाशी सरांची.

मुक्ताचे बाबा गेले तेव्हा ती नववीत होती. शाळेत जायची, गोडदेवला सरांच्या शिकवणीला जायची, जेवायची, झोपायची, बोलायची मात्र नाही. मी घाबरून सरांकडे गेले. सर म्हणाले, "ताई, तुम्ही काही करू नका." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिकवणी सुरू होण्याआधी तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. अग्रलेखसुद्धा. आधी आवाज फुटेना. मुलं खुसफुसली की सर त्यांच्याकडे नुसतं बघायचे. पावसाळा संपेपर्यंत पोरगी घरी येऊन मला अग्रलेखातल्या चुका सांगायला लागली. त्या वर्षापासून आगोटीची पहिली बाटली सरांची. सर ती दोन्ही हातांनी घ्यायचे, नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "वर्षाची सोय झाली."

माझ्या मुलीला तिचा आवाज ज्याने परत दिला तो हा माणूस. म्हणून राग आला की आधी माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि मग त्या पाण्याचाच आणखी राग येतो.

त्या मेच्या आधीचा हिवाळा आमच्या सोसायटीला काही चांगला गेला नव्हता. मुक्ताची कॉलेजपासूनची मैत्रीण शिरीन नया नगरच्या मुसलमान वस्तीत राहते. तिच्या घरच्यांना आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा होता, कारण शिरीनच्या आईला डायलिसिसला न्यावं लागायचं आणि आमच्याकडे लिफ्ट होती. विकणारा तयार, घेणारे तयार. सोसायटीची मात्र सभा भरली. लोक थेट काही बोलत नव्हते. "वातावरण" म्हणत होते, "आपल्या मुली" म्हणत होते, "टीव्हीवर बघताय ना" म्हणत होते. टीव्हीवर त्या दिवसांत रोज कुणीतरी ओरडत होतं, कुणाची तरी घरं पाडली जात होती, एखादा विद्यार्थी काहीतरी बोलला म्हणून आत गेला होता. ते सगळं दिल्लीचं, लखनौचं, लांबचं वाटायचं. त्या दिवशी ते आमच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसलं.

हात वर करायला सांगितलं तेव्हा माझ्या शेजारच्या हंसाबेननेही हात वर केला. नकाराचा. हंसाबेनचे खिचिया पापड आणि माझ्या मिरच्या गच्चीवर कायम शेजारी शेजारी. मी जेवायला खाली जायला निघाले की ती म्हणते, "सुमनबेन, तुम जाओ, मैं बैठी हूँ ना." आणि काठी घेऊन माझ्या मिरच्यांवरची कबुतरं हाकलत बसते. तोच हात होता. मी तिच्याकडे बघत राहिले, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

सभा संपता संपता सर आले होते. मुक्तानेच बोलावलं होतं. ते आमच्या सोसायटीचे नव्हेत, त्यांना बोलायचा हक्कही नव्हता, पण निम्म्या इमारतीची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे उठा असं म्हणणार कोण? सर शांतपणे म्हणाले, "मी या घरांतल्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. मार्क चांगले मिळाले सगळ्यांना. मला वाटलं, समजलंही असेल." एवढंच बोलले आणि चपला घालून गेले. ठराव काही बदलला नाही. शिरीनच्या घरच्यांनी नाद सोडला. पण मुक्ता त्या रात्री नीट जेवली. सर आहेत म्हटल्यावर पोरीला घास उतरला.

डब्लिनच्या औषध कंपनीचं बोलावणं तिला त्यानंतरच आलं. तिने स्वतःच अर्ज केला होता, सभेच्या दुसऱ्या दिवशी. मला म्हणाली, "आई, मला इथे श्वास पुरत नाहीये. रोज सकाळी फोन उघडायची भीती वाटते. ज्यांच्या घरी मी दिवाळीचा फराळ खाल्ला त्यांचेच मेसेज असतात गं." मी काय म्हणणार? मी म्हटलं, तुझं तू ठरव. मनात मात्र मी विमानतळापर्यंत जाऊन परत आले होते, रिकाम्या घरात एकटीचा कुकर लावला होता, सगळं काही करून झालं होतं माझं.

मग सर घरी आले. आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, कारण त्यांना दिवाणखान्यात बसलेलं कधीच आवडायचं नाही. समोर धण्यांचं ताट होतं, मी निवडत होते. बोलता बोलता सरही खडे काढायला लागले. "जा, नक्की जा," ते मुक्ताला म्हणाले. "पण ही निवडणूक होऊ दे. बाहेरून शिव्या घालायला कुणीही घालतं. घर बिघडलं असेल तर आत राहूनच दुरुस्त करावं लागतं, बेटा. आत राहिलं पाहिजे. या मेमध्ये मला तू हवी आहेस. त्यानंतरही जावंसं वाटलं तर मी स्वतः तुला विमानतळावर सोडायला येईन."

मुक्ताने कंपनीला नकार कळवला. तिचा निर्णय तिचाच होता, मला तिच्यावर नाही बोट ठेवायचं. पण त्या स्टुलाकडे बघितलं की मला अजूनही ते धणे आणि ते "बेटा" ऐकू येतं.

आणि खरं सांगू? तो मे सुंदर होता. हे मला कबूल केलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सांगायला अर्थ नाही. सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही गोडदेवच्या गल्ल्यांतून निघायचो. मुक्ता, शिरीन, सरांचे जुने विद्यार्थी आणि मी, डोक्यावर पदर घेऊन. सर प्रत्येक दारात चपला काढायचे. लोक म्हणायचे, राहू द्या सर, तरी काढायचे. आत गेले की पाणी मागायचे आणि मगच बोलायचे. कुणाला मत द्या असं ते पहिल्यांदा कधीच सांगत नसत. विचारायचे, "मुलं काय करतात? नोकरी लागली?" माणसं मोकळी व्हायची. शिव्याही खाल्ल्या आम्ही. एकाने मला विचारलं, "काय मावशी, पाकिस्तानातून पैसे येतात का?" मी म्हटलं, "आले असते तर रिक्षाने आले असते रे, उन्हात चालत कशाला आले असते?" तो माणूस हसला. हसल्यावर चहा दिला. तेव्हा मला वाटायचं, इतकं काही बिघडलेलं नाही. चहा मिळतोय तोवर बोलता येतंय.

मसाल्याला त्या वर्षी उशीर झाला. प्रचारातून सवड मिळाली तो दिवस शेवटच्या सभेचा निघाला. आम्ही सगळे सकाळीच भाईंदरहून बस पकडून उत्तनला गेलो, सरसुद्धा. फिलूच्या अंगणात चुली पेटलेल्या, बाया कांडत होत्या, ताडाखाली लाल धूळ उडत होती. सरांनी नाकाला रुमाल बांधला आणि तरी शिंकून शिंकून बेजार झाले. शिरीन हसता हसता खाली बसली. कांडून झालेला मसाला फिलूने साडीवर पसरला आणि म्हणाली, "आता याला हात न्हाय लावाचा. रातभर थंड होव दे. सकाळी भरू."

सरांनी घड्याळ बघितलं. "फिलोमिनाताई, सकाळी कुणाला वेळ आहे? संध्याकाळी सभा, उद्यापासून मतदानाची तयारी. आता भरून टाकू."

"कांडलेला मसाला आतून तापलेला असते, सर. गरम भरला तं वास मारल."

"हाताला तर गार लागतोय."

"हाताला लागते तसा. आत हाय गरम."

पण आम्ही सगळे उतावीळ होतो. अंगात वारं भरलेलं. मुक्ता बाटल्या धरू लागली, सर काठीने मसाला ठासू लागले आणि फिलू बडबडत दोरे बांधू लागली. कडेला उभी राहून मी बघत होते आणि मनात आलं, बाई गं, हे आपलं राज्य आहे. ख्रिस्ती अंगण, मुसलमान पोर, मोकाशी सर, माझी मुलगी, आणि सगळ्यांची बोटं लाल. कुणाचा बाप काय वाकडं करणार आहे आपलं?

आम्ही हरलो. ते ठीक. हरण्याची माझी तयारी होती, सरांनीच करून घेतली होती. निकालाच्या दिवशी ते म्हणाले, "काम आता सुरू झालं." मुक्ताने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. श्रावणात पहिली बाटली फोडली तर मसाल्याची ढेकळं झालेली आणि कुबट वास. दुसरी फोडली, तीच गत. फिलूला फोन केला तर ती म्हणाली, "माझ्या पण गेल्या सगल्या. सांगितलेला मी. गरम गरम भरलाव." त्या वर्षी आम्ही बाजारचा मसाला खाल्ला. मी सरांना फोन करून विचारलंही, तुमची बाटली कशी निघाली? म्हणाले, उघडली नाही अजून.

मग काही महिन्यांनी, रस्त्यावरच्या मोठ्या बोर्डावर सरांचा फोटो आधी मुक्ताने पाहिला. कामावरून परत येताना, गोडदेव नाक्याला, रिक्षातून. ती मला नंतर सांगत होती की फोटो बघून ती आधी हसली. सरांनी हात जोडलेले, नवीन जाकीट घातलेलं. तिला वाटलं, कुठला तरी सत्कार असणार. मग रिक्षा सिग्नलला थांबली आणि तिने आजूबाजूचे चेहरे बघितले. ज्यांच्या विरोधात आम्ही ऊन खाल्लं तेच चेहरे, लहानापासून थेट दिल्लीपर्यंत, उतरंडीने मांडलेले. खाली लिहिलं होतं, जाहीर पक्षप्रवेशाबद्दल हार्दिक अभिनंदन. घरी आली आणि चप्पल न काढता खुर्चीवर बसली. मी विचारलं काय झालं, तर बोलेचना. मला ती नववीतली मुक्ता आठवली.

त्या प्रवेशाच्या सभेची चित्रफीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरली. लोकांनी फुलं टाकली होती खाली. व्यासपीठावर कुणीतरी पुढारी नया नगरचं नाव घेऊन बोलत होता. काय बोलत होता ते मी इथे लिहिणार नाही, माझ्या हाताने नाही. मागच्या रांगेत सर, गळ्यात हार. समोर टाळ्या पडल्या तेव्हा सरांचे हात हलले. मुक्ताने तेवढा तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला. "आई, बघ ना, ते हार नीट करतायत. टाळी नाही ना वाजवत?" मी बघितलं. हातावर हात येत होता. तरी मी म्हटलं, चष्मा आणते. चष्मा लावूनही तेच दिसलं.

शिरीनने ती चित्रफीत पाहिली होती. तिने मुक्ताला एवढंच लिहून पाठवलं, "सर दुबले हो गए हैं."

आम्ही त्यांच्याकडे गेलो. मीच म्हटलं, जाऊ, तोंडावर विचारू. सरांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता, आत अनोळखी माणसं फोनवर बोलत होती. सरांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, त्याच खोलीत जिथे मुक्ता अग्रलेख वाचायची. फळा तसाच होता, त्यावर आता वॉर्डाचा नकाशा चिकटवला होता. सर थकलेले दिसले पण ओशाळलेले नाही. मला तेच सहन झालं नाही.

"ताई, बाहेर राहून किती वर्षं ओरडलो? एक गटार झालं का? आता आत आहे तर दोन शब्द ऐकतात तरी. आत राहूनच काही करता येतं."

मुक्ता म्हणाली, "सर, हे तुम्ही मला आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं."

"मग? तेच सांगतोय."

"तेव्हा तुम्ही देशाबद्दल बोलत होतात, सर."

मग त्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी पूर्वीसारखा, आणि म्हणाले, "तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलींची आम्हाला गरज आहे. महिला आघाडीचं बघशील का?" थट्टा नव्हती ती. ते मनापासून विचारत होते. मुक्ता उठली, वाकून नमस्कार केला, कारण सवय, आणि बाहेर आली. रस्त्यात मी फाडफाड बोलत होते, ती नाही. घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाली, "आई, हरलो तेव्हा मला एकदाही जावंसं वाटलं नव्हतं."

लोक मला विचारतात, तुम्हाला कसं पटलं तिचं जाणं? जसा काही देश हा माझ्या मालकीचा गाळा आहे आणि तिने भाडं न देता सोडला. आमच्या घरांत हा प्रश्न नेहमी मुलांनाच विचारला जातो, जाणार की राहणार. जे इथेच राहून दुसरीकडे गेले त्यांना कोण विचारतं? गोडदेवहून न हलता माणूस केवढ्या लांब जाऊ शकतो ते मी पाहिलंय. त्याला व्हिसा लागत नाही.

आणि शिरीनसाठी तर तो प्रश्नच नाही. निरोप द्यायला आली तेव्हा मुक्ता तिच्या गळ्यात पडून रडायला लागली, मी पळून जातेय म्हणाली. शिरीनने तिला बाजूला केलं आणि जवळजवळ रागावलीच. "ए, ड्रामा नको हां. अम्मीचं डायलिसिस इथे आहे, मी इथे आहे. तू जातेस म्हणून मी काही शहीद नाही आणि तू काही गद्दार नाही. मला फोन करत जा, बस." मग मला म्हणाली, "मावशी, मसाला मिळेल ना मला? मागच्या वेळेसारखा सडका नको." आम्ही तिघी हसलो, पुष्कळ वेळ हसलो.

मुक्ता मलाही म्हणत होती, तू चल. मी नाही म्हटलं. यात देशप्रेम वगैरे शोधू नका. मी डब्लिनमध्ये भांडणार कोणाशी? मला रागवायला माझी माणसं लागतात. सोसायटीच्या सभेत मी आता पुढच्या रांगेत बसते आणि "वातावरण" हा शब्द आला की विचारते, कसलं वातावरण, नीट सांगा, लिहून घेतेय मी. लोकांना मी नकोशी झालेय. हंसाबेन अजूनही माझ्या मिरच्या राखते. यंदा मी तिला म्हटलं, "हंसाबेन, उस दिन हाथ क्यों उठाया?" ती काठी आपटत राहिली, कबुतर नसताना. मग म्हणाली, "सब ने उठाया, सुमनबेन." मी तिचे पापड उलटे करून दिले. माफ केलं असं नाही. पण पापड करपायला आले होते.

यंदाच्या मसाल्यासाठी मुक्ता अडून बसली होती. तिकीट काढतानाच म्हणाली, आगोट झाल्यावरच निघेन. आम्ही उत्तनला गेलो, रात्री फिलूकडे राहिलो, आणि मसाला साडीवर पसरलेला सकाळपर्यंत कुणी हात लावला नाही. सकाळी फिलूने त्यात कोपरापर्यंत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "हां. आता भरा." उत्तनच्या किती घरांना कुलपं आहेत आता, कॅनडाची, दुबईची, तिच्या सख्ख्या भावाच्या घरालाही आहे. जाणाऱ्यांचा मसाला ती बाटलीत भरत नाही. विमानात काच नको म्हणून दुहेरी पिशवीत घालून वर चिकटपट्टी मारते. म्हणाली, "पोरगीची पिशवी घरी भर गो, तुझ्या हाताने. निघताना."

बाटल्या घरी आणून मांडल्या. लाल, लाल, लाल, आणि शेवटी एक पांढऱ्या दोऱ्याची. फिलूने सवयीने बांधला होता. तिचा काय दोष? इतकी वर्षं बांधतेय.

मी ती बाटली ओट्यावर ठेवली आणि बघत बसले. मुक्ताने बॅगेची चेन ओढता ओढता बघितलं. मी सुरी घेऊन दोरा कापला, बूच काढलं, पिशवीचं तोंड मुक्ताला धरायला लावलं आणि बाटली उलटी केली. ठासून भरलेला मसाला चटकन पडत नाही. बुडावर थापट्या माराव्या लागतात, काडीने मोकळा करावा लागतो. आम्ही दोघी शिंकत होतो, नाकं पुसत होतो, डोळेही. रंग काय आला होता यंदा! वास तर असा की शेजारून हंसाबेनने विचारलं, कौन सा मसाला है.

मुक्ता गेली. विमानतळावर मी आणि शिरीन होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मी आंब्याच्या फोडींना मीठ लावत होते, तेव्हा फोन वाजला. सरांचा. इतक्या महिन्यांनी. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. चुकलं म्हणतील, निदान मुक्ताबद्दल विचारतील. आवाज तोच, गोड आणि घाईत.

"ताई, आगोट झाली का? यंदा आमची आठवण नाही काढलीत. माझी बाटली कुठाय?"

"तुमची बाटली मुक्ता घेऊन गेली, सर."

"कुठे?"

"डब्लिनला."

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. सरांनी त्याला थांब म्हटलं असावं.

"अहो, मला कळवायचं नाही का?" ते म्हणाले, आणि त्यांना खरंच लागलं होतं. "मी तिला सोडायला येणार होतो. शब्द दिला होता मी. न सांगता गेली?"

माझे हात मिठाने भरलेले होते, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरलेला. ओरडायचं ठरवलं होतं मी कधीतरी, पण आवाज अगदी साधा निघाला.

"तुम्ही गेलात, सर, तेव्हा तुम्ही तरी आम्हाला कुठं सांगितलं होतंत?"